भवानीची मेथी

"बाबा, आई पेरूंपाशी थांबल्या आहेत. चार मिनिटं आहेत तुमच्याकडे. पळा!"

श्रद्धाने माझ्या हातातली कापडी पिशवी काढून घेतली. पिशवी घेऊन निघालेला माणूस खरेदीला चाललाय हे लांबून कळतं, असं तिचं म्हणणं. माझी सून मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. एखादी गोष्ट कुठे फसेल हे तिला आधीच दिसतं. मला ते फसल्यावरसुद्धा उशिरा दिसतं.

मी मान खाली घालून कांद्यांची रांग ओलांडली, लसूणवाल्याच्या मागून वळलो आणि चिंचेच्या झाडाखाली यमुनाबाईंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तिथे जीन्स घातलेल्या एक बाई आधीच उभ्या होत्या आणि त्यांचा धीर सुटत चालला होता.

"अहो, दहा मिनिटं झाली. दोन जुड्या द्यायला एवढा वेळ?"

"थांबा वो बाई, अजून मांडतीय," यमुनाबाई म्हणाल्या. मांडायचं काहीच उरलं नव्हतं. मेथी, पालक, चुका, शेपू, सगळं केव्हाच ओळीने लावून झालं होतं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. "आलं, आलं! या काका. आज लई वाट बघाय लावली."

मी पाच रुपयांचं नाणं पुढे केलं. यमुनाबाईंनी ते ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं, मग पाटीला लावलं आणि पोत्याखाली सरकवलं. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाली. माझ्या हातात मेथीची जुडी आली. तिच्याभोवती केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीचा, दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. बाजारात बाकीचे सगळे सुतळी नाहीतर प्लॅस्टिकची पट्टी बांधत. यमुनाबाईंच्या विहिरीजवळ चार केळी होत्या.

"हां, आता बोला बाई. किती जुड्या?"

त्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी चुकवली. रांगेत घुसायची मला सवय नाही. आयुष्यभर मी रांगेत शेवटून दुसरा असे, आणि पुष्कळदा शेवटचा माणूसही माझ्या पुढे जाई.

परत आलो तेव्हा कौशल्या पेरूंची पिशवी आनंदच्या हातात देत होती. आनंद आमचा मुलगा. सत्तरीकडे झुकलेली माझी बायको माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मिळाली?"

"मिळाली."

"कितीला?"

"तीन."

"त्याच पलीकडच्या रांगेत?"

"हो. त्याच."

तिने जुडी उलटसुलट केली, देठ पाहिले, नाकाशी नेली. "बरी आहे," म्हणाली आणि पिशवीत वरच्या बाजूला ठेवली. श्रद्धाने हळूच सुस्कारा सोडला. तीन रुपयांची मेथी आणखी एका रविवारपुरती निभावली होती.

हे प्रकरण सुरू झालं ते कौशल्याच्या दहा पावलांपासून.

आम्ही सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून वाघोलीला आलो ते दोन हजार आठ साली. मी तेहेतीस वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेली चिकटवायची. त्या पुस्तकांनी कोणाचं काय भलं झालं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. कौशल्याचं तसं नव्हतं. ती घरात असे, पण मंडईत तिला ओळखत नाही असा माणूस विरळा. बुधवारी आणि शनिवारी ती हिरवी पिशवी घेऊन निघाली की वाटेतल्या दोघीतिघी तिच्यामागे जात. तिच्यासोबत गेलं की स्वस्त मिळतं, म्हणून.

तिची एक पद्धत होती. जे घ्यायचं त्याचा भाव ती कधीच आधी विचारत नसे. आधी तीन नको असलेल्या भाज्या विचारायच्या, प्रत्येकीला नाक मुरडायचं, आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं हवी ती भाजी विचारायची. विक्रेता पाच म्हणाला की ही साडेतीन म्हणे. तो नाही म्हणाला की हातातली भाजी हळुवार खाली ठेवायची आणि निघायचं. मागे बघायचं नाही. पावलं मोजायची. दहाव्या पावलाच्या आत हाक येतेच. पहिल्या हाकेला वळायचं नाही, दुसरीला वळायचं. अडतीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती. एकदा एका काकडीवाल्याचा घसा बसला होता, तर त्याच्या वतीने शेजारच्या लिंबूवाल्याने हाक मारली.

वाघोलीला आल्यावर पहिल्या महिन्यात आनंदने रविवारी नव्या मॉलमध्ये जायचा बेत काढला होता. "आई, एसी आहे, पार्किंग आहे, भाज्या धुऊन ठेवलेल्या असतात."

"आणि भाव कोणाला विचारायचा?" कौशल्या म्हणाली. "काचेला?"

एकदा जाऊन आलो आम्ही. ती तिथल्या टोमॅटोंच्या ढिगासमोर बराच वेळ उभी होती, कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबल्यासारखी. मग गाडीत बसल्यावर म्हणाली, "प्रदर्शन चांगलं होतं."

तेव्हापासून नगर रस्त्यालगतचा रविवारचा बाजार ठरला. आठवडाभर आमच्या घरात माणसं एकमेकांना नुसती जाता-येता दिसत. आनंदची ड्यूटी संध्याकाळी सुरू होई, श्रद्धाची सकाळी. त्यांची सात वर्षांची सोनू दोघांना फ्रिजवर चिठ्ठ्या लिहून ठेवी. रविवारी मात्र साडेसातला पाचहीजण गाडीत. आधी गाडीवरची इडली, मग भाज्या, मग सोनूच्या बांगड्या नाहीतर फुगे, शेवटी उसाचा रस, अर्धा-अर्धा ग्लास. श्रद्धा अकोल्याची. तिला वांगी बघितली की माहेर आठवे आणि ती ऑफिसचं इंग्रजी विसरून वांगीवाल्याला विचारी, "काहो दादा, एवढाले बारके वांगे काहून आणले बाप्पा?" वांगीवाला बुचकळ्यात पडे. आम्ही हसत असू.

बाजार भरे तो गेनबांच्या मोकळ्या रानात. गेनबा पांढऱ्या स्कॉर्पिओतून येत, मागचं दार उघडून पेरूच्या पाट्या उतरवत आणि पोतं अंथरून तीन रुपयांना एक या हिशोबाने किरकोळ विकत बसत. त्यांचा मुलगा इंद्रजीत इमारती बांधी. "पोरगं म्हनतं, आबा, लाज वाटती," गेनबा मला सांगत. "म्या म्हनलं, रविवारी बाजारात बसलो न्हाय तर सोमवार उजाडल्यागत वाटत न्हाय, गुरुजी." मी गुरुजी नव्हतो हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

तर नोव्हेंबरातल्या त्या रविवारी आम्ही लवकर पोचलो होतो. चिंचेखाली यमुनाबाई नुकत्या मांडून बसल्या होत्या. त्या केसनंदकडून येत. मेथी अशी कोवळी, की सोनूसुद्धा म्हणाली, "आजी, पराठे!" कौशल्याने रीतसर शेपू विचारला, पालक विचारला, चुका विचारला, नाक मुरडलं, आणि मग मेथी.

"पाचला जुडी, आज्जी."

या 'आज्जी'ने घात केला असावा. यमुनाबाईंचे केस कौशल्याहून पांढरे होते.

"दोन घेते. सातला दे."

"भवानीची येळ हाय. पाचच्या खाली न्हाय परवडत."

कौशल्याने जुडी हळुवार खाली ठेवली आणि निघाली. मी शेजारी चालत होतो. मनातल्या मनात मीही पावलं मोजू लागलो. सात, आठ, नऊ. दहा. अकरा. बारा. मागून शेपू विकणाऱ्याची आरोळी आली, कोंबड्यांचा आवाज आला, पण हाक आली नाही. पंधराव्या पावलाला कौशल्या थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जून होती मेथी."

जून नव्हती, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

ती पुढे बटाट्यांकडे गेली. मी मागे रेंगाळलो. सोनूचे पराठे हे एक निमित्त झालं. खरं म्हणजे यमुनाबाईंचा चेहरा मला मघाशी दिसला होता. भवानीचं गिऱ्हाईक मागे फिरलं, की दिवस वाईट जातो, असं ती मंडळी मानतात. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. मी गेलो आणि पाच रुपये पुढे केले.

कौशल्याला म्हणालो, "पलीकडच्या रांगेत मिळाली. तीनला."

का म्हणालो, कुणास ठाऊक. तिचा चेहरा मात्र उजळला. "बघा! मी म्हणत नव्हते?"

पुढच्या रविवारी तिने मलाच मेथी आणायला पाठवलं, त्या पलीकडच्या रांगेत. अशी कुठलीही रांग नव्हती. पलीकडे पाण्याचा टँकर उभा असे. सोसायटीतल्या दोघीजणी तीन रुपयेवालीला शोधत टँकरभोवती फिरून आल्याचं नंतर कानावर आलं. मी यमुनाबाईंकडे गेलो तर त्या उठून उभ्या राहिल्या.

"काका, मागल्या रविवारी तुमी गेलात आन् धाच्या आत माझी पाटी रिकामी! तुमच्या हाताला गुण हाय. आजपासनं भवानी तुमचीच."

मी म्हणालो, "अहो, योगायोग असेल."

"असंल की. पन करा."

त्याही दिवशी पाटी दहाच्या आत रिकामी झाली. हे गेनबांच्या कानावर गेलं. "गुरुजी, आमच्या पेरूला बी जरा हात लावा की!" असं ते चार माणसांत ओरडले तेव्हा मला रस्त्यापलीकडे निघून जावंसं वाटलं. पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. माझ्या हाताला गुण आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या हातांनी पुस्तकं चिकटवली, तीसुद्धा पुष्कळदा वाकडी.

कौशल्याची गोष्ट मात्र वेगळी होती. तो रविवार गेल्यापासून ती चिंचेच्या बाजूला फिरकत नव्हती. एवढंच असतं तर ठीक. पण ती घासाघीसच करेनाशी झाली. टोमॅटोवाला म्हणाला वीस, की ही वीस काढून देई. एकदा भोपळेवाल्याने स्वतःहून विचारलं, "काकू, कमी करा म्हणत नाही का?" तर म्हणाली, "राहू दे." गुडघ्यांचं निमित्त सांगून ती गाडीपाशीच बसून राहू लागली. मी तिच्याकडे बघे आणि मला ती मॉलमधली टोमॅटोंपुढे उभी असलेली कौशल्या आठवे. सदाशिव पेठेतून येताना आम्ही कपाट, पलंग, तांब्याचा बंब सगळं आणलं होतं. तिची ही एकच गोष्ट होती जी इथे लागू पडायला हवी होती, आणि ती पंधरा पावलांत गेली. वर मी पाठीमागून जाऊन त्याच बाईच्या पाटीला हात लावून आलो होतो. दर रविवारी येत होतो. माझा मान वाढत होता आणि तिचा जात होता.

श्रद्धाला मी हे फेब्रुवारीत सांगितलं. ती तोवर नुसती गंमत म्हणून मला मदत करत होती. ऐकल्यावर म्हणाली, "बाबा, मग सिंपल आहे ना. यमुनाबाईंना सांगा, आईंना एक हाक मारायची. वन कॉल, इश्यू क्लोज."

सिंपल होतं. तेवढं वाक्य बोलायला मला पाच रविवार लागले. त्यातही मार्चमध्ये गेनबांनी बातमी दिली नसती तर आणखी लागले असते. पेरू संपून त्यांचे चिकू सुरू झाले होते.

"गुरुजी, फुडचा रविवार शेवटचा. मंग पत्रं लागत्यात रानाला. इंद्रजीतची स्कीम हाय, बारा मजली." आणि चिकू पुसत, "मलाच आता बसायला जागा न्हाय बगा," असं म्हणून ते मोठ्याने हसले.

मी तसाच चिंचेखाली गेलो. भवानी केली आणि तिथेच उभा राहिलो.

"काय वो काका? आजून काय पायजे का?"

"नाही, नाही. एक विचारायचं होतं. नोव्हेंबरात एक बाई आल्या होत्या. हिरवी पिशवी. दोन जुड्या सातला मागितल्या आणि गेल्या. तुम्ही हाक मारली नाहीत."

"भवानीला मागं फिरल्या त्या? हाय की ध्यानात. तवा वाटलं, गेला दीस."

"त्या आमच्या घरच्या."

यमुनाबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या मंडळी? आन् तुमी चार म्हयनं असं लपूनछपून... अवो, पयल्याच दिशी सांगायचं न्हाय का!"

"पुढच्या रविवारी त्यांना आणतो. त्या निघाल्या की एक हाक मारा. भावाचं मी मागून बघतो."

"भावाचं सोडा." त्या गंभीर झाल्या. "पर भवानीला हाक न्हाय मारता यायची, काका. माज्या सासूनं घालून दिलेलं हाय. भवानी आपल्या पायानं यावी, वढून आनायची न्हाय. तुमी असं करा, आधी येऊन भवानी करून जावा. मग त्यांना आना. मग धा डाव हाक मारीन, म्हनाल तेवढ्या जोरात."

शनिवारी श्रद्धाने योजना आखली. आनंदला सगळं सांगावंच लागलं. "बाबा, तुम्ही? तुम्ही चार महिने आईशी खोटं बोलताय? आणि पकडले गेला नाहीत?" त्याच्या आवाजात आदर होता, तो त्याआधी मी कधी ऐकला नव्हता. ठरलं ते असं: आनंदने गाडी लांब लावायची आणि आईला इडलीत गुंतवायचं, मी जाऊन भवानी करायची, मग श्रद्धाने सहज आईंना चिंचेकडे न्यायचं.

रविवारी सकाळी कौशल्या तयार होऊन बाहेर आली तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती मंडईत जाताना नेसायची ती जुनी सुती साडी नेसली होती, आणि हातात हिरवी पिशवी होती. ती मी वाघोलीला आल्यापासून दोनदाच पाहिली असेन.

गाडी थांबते न थांबते तोच तिने दार उघडलं. "आनंद, तू लाव गाडी. मी होते पुढे."

"आई, इडली!"

"तुम्ही खा."

गुडघे दुखणारी बाई इतक्या वेगाने चालू शकते हे मला माहीत नव्हतं. ती थेट चिंचेखाली जाऊन उभी राहिली. मी आणि श्रद्धा धापा टाकत लसूणवाल्यापाशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. यमुनाबाईंची शेवटची जुडी मांडून होत होती. भवानी व्हायची होती. पाच रुपयांचं नाणं माझ्या मुठीत घामेजलं होतं.

"शेपू कसा?" कौशल्याने विचारलं.

"चारला."

"हं. पालक?"

"चारच."

"पिवळा पडलाय. चुका? नको, राहू दे." ती वळल्यासारखी झाली आणि थांबली. "आणि ही मेथी?"

यमुनाबाईंनी तिला ओळखलं होतं. त्यांची नजर हिरव्या पिशवीवरून सरकत लसणाच्या ढिगामागे उभ्या असलेल्या माझ्यावर आली. मी मान हलवली. काय सांगायचं होतं मला, माझं मलाच कळत नव्हतं.

"पाचला जुडी," त्या म्हणाल्या.

"दोन घेते. सातला दे."

"भवानीची येळ हाय. पाचच्या खाली न्हाय परवडत."

शब्दही तेच. कौशल्याने जुडी हळुवार खाली ठेवली आणि निघाली.

एक. दोन. आता गुडघा बोलत होता. ती सावकाश चालत होती. पाठ मात्र ताठ. तीन. चार. मी पुढे झालो. पळत जाऊन नाणं टाकलं असतं, भवानी झाली असती, मग हाक मारायला यमुनाबाई मोकळ्या होत्या. श्रद्धाने माझी बाही धरली. "बाबा, नका." पाच. सहा. शेजारचा लसूणवाला तागडी हातात धरून तसाच बघत राहिला. सात. यमुनाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, नोव्हेंबरात होते तसे. आठ.

मग त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, वर चिंचेकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या, सासूला असावं, आणि हाक मारली.

"अवो ताई!"

नऊ. कौशल्या थांबली नाही. पहिल्या हाकेला वळायचं नसतं.

"ताई, अवो या मागं! घ्या तुमच्या भावानं!"

दहाव्या पावलाला ती थांबली. पदर सारखा केला. आणि वळली.

परत येताना तिने ती दहा पावलं आणखी सावकाश टाकली. बाजारातल्या कोणी पाहिलं असेल असं नाही. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक म्हातारी भाजीवालीकडे परत चालली होती. मी मात्र पाहिलं.

"किती म्हणालीस?"

"तुमी म्हनाल तसं, ताई. सातला दोन."

"भवानी व्हायची आहे ना तुझी?"

"व्हायचीय."

कौशल्याने कमरेची चंची सोडली, दहाची नोट काढली, उजव्या हाताने यमुनाबाईंच्या ओंजळीत ठेवली. "मग पाचच घे."

यमुनाबाईंनी नोट कपाळाला लावली, पाटीला लावली. मग काय वाटलं कोण जाणे, कौशल्याच्या हाताला लावली.

साडेनऊला त्यांची पाटी रिकामी झाली. माझ्या हातून कधी इतक्या लवकर झाली नव्हती. यमुनाबाईंनी ते सगळ्या रांगेला ऐकवलं, आणि गेनबा चिकूंमागून ओरडले, "गुरुजी, तुमची गादी गेली!" कौशल्या त्यांच्याकडे वळली आणि बारा चिकूंचा भाव तिने असा पाडला, की गेनबांनी हात जोडले. "ताई, चिकू झाडाला लागत्यात, फुकट न्हाय लागत."

"तुम्हाला स्कॉर्पिओ आहे," कौशल्या म्हणाली. "मला रिक्षा आहे."

"तुला आय-टेन आहे, आई," आनंद म्हणाला.

"ती तुझी."

निघताना तिने यमुनाबाईंना विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे बसणार?"

"ठरलं न्हाय, ताई. लोहगावच्या रस्त्याला बघू, म्हंत्यात. काय खरं न्हाय."

"बसा कुठेही. आम्ही शोधतो." मग सोनूचा हात धरून ती रसाच्या गुऱ्हाळाकडे निघाली आणि वाटेत तिने टोमॅटोवाल्याला मागून दोनदा हाक मारायला लावली. टोमॅटो घ्यायचे नव्हतेच.

संध्याकाळी ती गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. आत श्रद्धा आणि आनंद पराठ्यांच्या पिठावरून भांडत होते. मी जिरेगोळीचं पाकीट कापायला कात्री शोधत स्वयंपाकघरातला खालचा खण उघडला. तो तिचा खण. मी तो सहसा उघडत नाही. रबरं होती, रिकाम्या पिशव्यांच्या घड्या होत्या, आणि एका बाजूला केळीची सोपटं. वाळून तपकिरी झालेली, प्रत्येकाला दुहेरी पीळ पडलेला. नीट सरळ करून, एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधलेली. मी मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

मी ती जुडी हातात घेऊन गॅलरीच्या दारात उभा राहिलो. कौशल्याने वर पाहिलं नाही.

"तीन रुपयांत सोपट बांधून देत नाही हो कोणी," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मेथीचं एक पान देठापासून खुडलं. "डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय. इतकी वर्षं ऐकत नव्हता. दर रविवारी पळत जायला लागलात." मग वर्तमानपत्राच्या कडेला ठेवलेली आजची दोन सोपटं उचलून तिने माझ्यापुढे धरली. अजून हिरवट होती, ओली. "ही पण त्यातच ठेवा. आणि नीट ठेवा, तुमची पुस्तकं चिकटवता तशी वाकडी नकोत."

मी दोरा सोडला, दोन्ही सोपटं सगळ्यात वर सरळ ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. गाठ वाकडीच बसली. ती मी तशीच राहू दिली.